अर्धापूरचा अंधार

अर्धापूर हे गाव आपण पाहिले असण्याचा संभव फार थोडा. पण अर्धापूर आपण खाल्ले असण्याचा संभव मात्र पुष्कळ आहे. नांदेडच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर हे तालुक्याचे गाव. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचे पाणी कालव्याने इकडे आले आणि काळ्या रानांत केळी उभ्या राहिल्या. ‘अर्धापुरी’ नावाची केळीची एक जातच आहे. येथून भरलेल्या गाड्या पार उत्तरेकडे जातात. गावात केशवराजाचे देऊळ आहे. पण प्रवासी नांदेडला येतो, गुरुद्वारा पाहतो, गोदावरीला हात जोडतो आणि परतीच्या गाडीत बसतो. अर्धापूरला उतरायला एक तर केळीचा व्यापार हवा, नाही तर नाते हवे. माझे नाते आहे. आमची अक्का तेथे दिलेली आहे.

या वर्षी माघ संपता संपता अक्काचा फोन आला. “अरे, पोरगं हातचं जायलंय. कॉलेजातून आलं की त्या डब्यासमोर बसतंय अन् माणसं मारतंय. तू कॉलेजात शिकवतोस, तुझं ऐकल. दोन दिवस ये अन् त्याला चार शब्द सांग.”

ज्याच्या तासाला साठांपैकी चाळीस मुले बाकाखाली मोबाइल चाळीत असतात, त्याच्या शब्दांवर एवढा विश्वास ठेवणारी व्यक्ती जगात एकच असू शकते, आणि ती म्हणजे थोरली बहीण. मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालो. ते चार शब्द गाडीतच जुळवून ठेवले. आधी वेळेचे मोल, मग वाचनाचे महत्त्व, मग हिंसेचा कोवळ्या मनावरील परिणाम आणि शेवटी आईबापांचे कष्ट, असा क्रमही लावला. व्याख्यात्याची सवय, दुसरे काय!

नांदेडहून एसटीने निघालो. शहर मागे पडले तशा रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा सुरू झाल्या. उन्हाचा ताव वाढू लागला होता. पण बागेजवळून बस गेली की खिडकीतून गार, ओलसर श्वास अंगावर येई. हळद शिजवण्याचे दिवस होते. कुठे कुठे शेतात वाफेचे लोट उठत होते आणि त्यांचा उबदार, मातकट वास थेट अक्काच्या दारापर्यंत माझ्याबरोबर आला.

भाचा घरीच होता. नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाया पडला, पिशवी घेतली, आणि थोड्या वेळाने मी त्याच्या खोलीत डोकावलो तेव्हा तेथे तो आणि त्याचे तीन मित्र एका जुन्या संगणकासमोर दाटीवाटीने बसले होते. हा संगणक कुणाचा तरी वापरून झालेला, स्वस्तात मिळालेला. नवे खेळ त्यावर चालत नाहीत. म्हणून या मुलांनी २००७ सालचा एक जुना खेळ धरला आहे. त्याचे नाव ‘स्टॉकर : शॅडो ऑफ चेर्नोबिल’.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा भाचा नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. हा खेळ खेळणाऱ्याच्याच डोळ्यांतून दिसतो. पडद्यावर नायक नाही; दिसतात ते फक्त त्याचे हात आणि हातातली बंदूक. बाकी सारे आपणच चालत आहोत असे समजून पाहायचे. आणि चालायचे कुठे? तर चेर्नोबिलच्या ओसाड मुलखात. २६ एप्रिल १९८६ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, युक्रेनमधील त्या अणुवीज केंद्राची चौथी भट्टी फुटली. शेजारच्या प्रिप्यात शहरातली जवळजवळ पन्नास हजार माणसे दुसऱ्या दिवशी बसगाड्यांत बसवून हलवली गेली. ती पुन्हा तेथे राहायला आली नाहीत. एक मेच्या सणासाठी उभारलेला मोठा पाळणा अजून तसाच उभा आहे. कीव्हच्या एका कंपनीने आपल्याच देशातल्या या मुलखावर खेळ रचला. त्यात कल्पना अशी की २००६ साली तेथे दुसरा स्फोट झाला आणि सृष्टीचे नियमच बिघडले. मोकळ्या दिसणाऱ्या माळावर मध्येच एखादी जागा अशी असते की पाय पडला की माणूस गेला. ती सहसा नीट दिसत नाही. म्हणून चालणारा पुढे एक लोखंडी बोल्ट फेकतो. तो बिनधोक पडला तर पाऊल टाकतो.

हे ऐकताच माझ्यातला मास्तर जागा झाला. अहो, ही तर ओळखीची गोष्ट! स्ट्रुगात्स्की बंधूंची १९७२ सालची ‘रोडसाइड पिकनिक’ ही रशियन कादंबरी, आणि तिच्यावरून तार्कोव्हस्कीने १९७९ साली केलेला ‘स्टॉकर’ हा चित्रपट. तो मी विद्यार्थिदशेत एका फिल्म सोसायटीत पाहिला होता. म्हणजे निम्मा पाहिला होता आणि निम्मा झोपेत काढला होता. मुलांना एवढेच सांगितले की मी पाहिला आहे. माझा भाव एकदम वधारला. खुर्ची मिळाली.

मग मी विचारले, “या खेळात एवढे आहे तरी काय?” आणि तिघांचे तीन आवाज उठले. साहित्यावरच्या परिसंवादात इतकी जिवंत मते मी फार दिवसांत ऐकलेली नाहीत.

पहिला पोलीस भरतीची तयारी करणारा. त्याच्या मते खेळ भिकार आहे. “सुरुवातीची बंदूक धड नाही, मामा. नेम धरून गोळी घाला, ती भलतीकडंच जाती. मध्येच अडकती. अर्धा तास चाला, तवा कुठं एक माणूस दिसतो. अन् रंगात आलं की खेळच बंद पडतो!” मोबाइलवर मिनिटामिनिटाला लढाई होते, तोच खरा खेळ, असे त्याचे ठाम मत. जगभरच्या खेळाडूंनीही या खेळाच्या बिघाडांविषयी अशीच कुरकुर केली. पण त्यांतल्या कित्येकांनी तो टाकून न देता, वर्षानुवर्षे आपल्या हातांनी दुरुस्त करून एकमेकांना फुकट वाटला, हे भाच्याने मला वेगळे सांगितले.

दुसरा सुट्टीत केळीच्या गाड्या भरायला जातो. त्याला बंदुकीचे काही वाटत नाही. त्याला आवडते ते ओझे. या खेळात पाठीवरच्या सामानाचे वजन धरतात. पन्नास किलोंच्या वर गेले की माणूस लवकर दमतो. साठाच्या वर गेले की पाऊलच उचलत नाही. “बाकीच्या खेळात दहा बंदुका घेऊन पळतेत, मामा. ज्यानं हा बनवला, त्यानं कवातरी वझं उचललेलं असणार,” तो म्हणाला, आणि नकळत त्याचा हात मानेच्या मागे गेला.

तिसरा लातूर जिल्ह्यातला, किल्लारीकडचा. भाच्याबरोबर वसतिगृहात असतो. बाकीचे त्याला हसतात, कारण तो फार वाईट खेळतो. रिकाम्या घरांत शिरायचे, पडलेल्या माणसाच्या पिशवीतले काढून घ्यायचे, त्याशिवाय या खेळात निभाव लागत नाही; आणि हा काही उचलतच नाही. मी कारण विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आमचं जुनं गाव पडलं, तिथं आम्ही लहानपणी शेळ्या घेऊन जायचो. आजी म्हणायची, खेळा, पण आत कुठं काही घावलं तर उचलू नका. ते कुणाचं तरी असतं.” ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असताना, त्या भागात दगडमातीच्या भिंती कोसळल्या आणि जवळजवळ दहा हजार माणसे गेली. हा मुलगा त्यानंतर दहा वर्षांनी जन्मलेला. तो म्हणाला, “ह्यात घरं बरोबर आहेत, मामा. दार आहे, भिंत नाही. तसंच असतं.” एवढे बोलून त्याने चहाचा कप तोंडाला लावला. नंतर कुणी हसले नाही.

भाचा मात्र काही बोलला नाही. त्याने फक्त मला आणखी एक गोष्ट सांगितली. या खेळाचा नवा भाग नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. तो तयार होत असतानाच २०२२ साली रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले. काम करणाऱ्यांपैकी बरेच जण प्रागला गेले, काही सैन्यात गेले. जुन्या भागावर काम केलेला वोलोदिमिर येझोव्ह त्याच डिसेंबरात बाखमुतजवळ लढताना मारला गेला. हा मुलगा वर्तमानपत्र वाचत नाही अशी माझी समजूत होती. पण युक्रेनच्या लढाईत कामी आलेल्या एका माणसाचे नाव त्याला ठाऊक होते, मला नव्हते.

रात्री जेवणे झाली. चार शब्द सांगायची हीच वेळ, म्हणून मी घसा साफ केला, तो भाचा उठून पायांत चपला सरकवू लागला. मी म्हटले, “आता कुठे?”

“रानात. ह्या आठवड्यात लाइन रातचीच आहे.”

शेतीच्या मोटारींना वीज पाळीने मिळते हे मी वाचले होते. त्या पाळीला कोणी तरी उठून जायचे असते, हे काही माझ्या ध्यानात आले नव्हते. दाजींच्या कमरेचे ऑपरेशन झाल्यापासून हा जातो. मीही निघालो. अक्का म्हणाली, “तू कशाला?” पण तिच्या चेहऱ्यावर थोडे बरे वाटल्याचे दिसले.

गावाचे दिवे संपले आणि अंधार सुरू झाला. शहरात आपण अंधार म्हणतो तो लांबच्या कुठल्या तरी दिव्याचा उरलेला उजेड असतो. हा तसा नव्हता. बॅटरीच्या गोल तुकड्याइतकीच जमीन होती. बाकी जग पुसलेले. आणि केळीची बाग गप्प नसते. तिची वाऱ्याने फाटलेली पाने एकमेकांना घासतात, वाळलेली खोडाला आपटतात, आणि कुणी तरी मागून चालत असल्याचा भास होतो. मी दोनदा वळून पाहिले. भाचा न वळता म्हणाला, “पान आहे, मामा.”

विहिरीकडे वळताना त्याने एकाएकी हात आडवा धरला. मी थांबलो. खाली वाकून त्याने एक ढेकूळ उचलले आणि पुढच्या गवतात टाकले. थोडे थांबला. गवत सळसळले. सळसळ बांधाच्या पलीकडे गेली. मग त्याने दुसरे ढेकूळ टाकले आणि “चला” म्हणाला.

माझ्या घशाला कोरड पडली होती. तरी विचारलेच, “खेळात बोल्ट टाकतात, त्यावरून शिकलास काय?”

“नाही हो. अण्णा आधीपासून टाकतेत. मी लहान होतो तवापासून बघतो.” स्टार्टरची पेटी उघडता उघडता तो पुढे म्हणाला, “खेळात पहिल्यांदा बोल्ट टाकायला लागला, तवाच मला वाटलं, हे माहीत असलेल्या माणसानं केलंय.”

मोटारीने घरघर सुरू केली. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज आला. आम्ही बांधावर बसलो. मी म्हटले, “मघाशी तू काहीच बोलला नाहीस. तुझे मत काय?”

त्याने विचार केला. “अंधार बरोबर आहे. कान लावून चालायला लागतं, ते बरोबर आहे. रातच्याला शेकोटीजवळ माणसं बसलेली असतेत, एकजण गिटार वाजवतो, तवा बरं वाटतं, ते बी बरोबर आहे. एक चुकलंय. त्यात कुणी घरून आलेलं नसतं. कुणाला फोन येत नाही.”

आणि खरोखरच त्याच्या खिशातला फोन वाजला. “हां, चालू झाली. हां, मामा आहेत. तू झोप,” तो म्हणाला.

आम्ही परतलो तेव्हा दोन वाजून गेले होते. ओसरीवरचा दिवा चालू होता.

सकाळी अक्काने चहा पुढे ठेवला आणि हळूच विचारले, “सांगितलंस का त्याला?”

मी म्हटले, “रात्री तू किती वाजता झोपलीस?”

“तो आल्यावर.”

“रोज?”

“रातची लाइन असली की रोज. ते जाऊ दे. तू सांगितलंस का?”

गाडीत क्रमवार लावलेले चार शब्द मी होते तसेच पुण्याला परत नेले. अक्काला मात्र एवढे सांगितले की तो खेळ नुसता माणसे मारण्याचा नाही. त्याला तासभर बसू दे, आणि बसला की तूही कधी शेजारी बस. तिला ते पटले असे दिसले नाही. मी भावापेक्षा मास्तर म्हणून अधिक कुचकामी निघालो, असा तिचा चेहरा होता.

पुण्याला आल्यावर मी त्याला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि कपाळाला बांधायची चांगली बॅटरी पाठवून दिली. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. मला वाटले, आभार मानील. त्याने मत दिले.

“बूट चांगले आहेत, मामा. बॅटरी जरा जास्तच उजेड देती. समोरचं लख्ख दिसतंय, पण बाजूचं काहीच दिसत नाही. मी आपली जुनीच वापरायलोय.”

मी वाद घातला नाही. या विषयात अधिकार त्याचा आहे.