शरदांतील श्वेतगिरी

अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर राज्यांत ‘व्हाइट माउंटन’ हें राष्ट्रीय अरण्य आहे. ऑक्टोबरच्या आरंभीं तेथील ‘लिंकन वुड्स’ वाटेनें चालूं लागावें. मेपल आरक्त, भूर्ज सुवर्णवर्ण! हरितद्रव्य ओसरतांच पानांत दडलेला पिवळा रंग प्रकटतो. तांबडा मात्र तेव्हांच नव्यानें तयार होतो. पण डोंगरांतील वाट इतकी सपाट कशी? तिच्यावरून एके काळीं तोडलेलें लांकूड वाहणारी आगगाडी धांवे! बेसुमार तोड व वणवे यांनीं हे डोंगर उजाड झाले होते. १९११ च्या वीक्स कायद्यान्वयें सरकारनें खाजगी जमिनी विकत घेण्यास आरंभ केला. १९१८ सालीं हें अरण्य स्थापन झालें. १९४८ सालीं ती गाडीही थांबली. आज प्रवासी ज्या शोभेनें मोहित होतो, ती मनुष्यानें हात आवरल्यावर निसर्गानें परत दिलेली आहे.