लाकूड टिकलं कशानं?

न्यू जर्सीत मे महिना आला की आपल्या मराठी मंडळींच्या परसात दोन गोष्टी दिसू लागतात : मेथी आणि भारतातून आलेले आई-वडील. यंदा आमच्याकडे अप्पा होते. वय 76, चिपळूणजवळच्या गावात वाढलेले. तिथे मोडक्या होडीची फळीसुद्धा गोठ्याला लागते; लाकूड टाकून देणं हा प्रकारच नाही.

आमच्या शेजाऱ्यानं 1990 च्या सुमारास बांधलेला डेक मोडून फळ्या रस्त्याकडेला ठेवल्या. अप्पांनी सकाळच्या फेरफटक्यातच आमच्या वाफ्याचं माप मनात घेऊन टाकलं. "अरे, तीस वर्षं पावसात राहून एक फळी कुजलेली नाही. असलं लाकूड विकत मिळायचं नाही!"

माझी शंका नेमकी तीच होती. पाइनसारखं मऊ लाकूड इतकी वर्षं स्वतःच्या गुणानं टिकत नाही. त्या काळी अमेरिकेत घराबाहेरच्या लाकडात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं द्रावण दाबाखाली भरत. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. 2003 च्या अखेरीस घरगुती कामांसाठी असं लाकूड बनवणं जवळजवळ बंद झालं, पण आधीचे डेक उभेच राहिले. त्यांतला सोमल हळूहळू लगतच्या मातीत उतरतो. असं लाकूड घासू नये, आणि जाळू तर मुळीच नये. रेल्वेच्या जुन्या स्लीपरांत कोळशाच्या डांबरापासून काढलेलं क्रिओसोट असतं, 1978 पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं. तीही भाजीजवळ नकोत.

"म्हणजे चांगलं टिकलं हाच त्याचा दोष?" अप्पा म्हणाले.

"भाजीच्या वाफ्यापुरता, हो."

दोन दिवस अप्पा गप्पच होते. फळ्यांचं दुःख नव्हतं ते. या घरात डिशवॉशरपासून कचऱ्याच्या डब्यांपर्यंत सगळं मुलगाच शिकवतो. आपल्याला जे येतं, त्याचा इथे उपयोग नाही, असं त्यांना वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी एका मित्रानं आपलं जुनं, रंग न दिलेलं सीडरचं कुंपण देऊ केलं. सीडरचा तांबूस गाभा मुळातच कुजायला चिवट असतो. कडेचा पांढरट भाग मात्र लवकर जातो. अप्पांनी एकेक फळी टोचून पाहिली, भुसभुशीत झालेली बाजूला काढली. मग विचारलं, "खांब कुठे कुजतो, सांग?"

"जमिनीशी," मी म्हटलं. बुरशीला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि ती तिथेच एकत्र भेटतात.

"म्हणून तर आपल्या घरांत खांबाखाली दगडी तळखडा असतो!"

इंजिनिअरिंगच्या दोन पदव्या घेऊन मी यापेक्षा वेगळं काय सांगणार होतो? चर खणून आम्ही चार इंच खडी भरली आणि फळ्या तिच्यावर उभ्या केल्या, म्हणजे खाली पाणी साचणार नाही. कापलेली टोकं पाणी सर्वांत जास्त पितात. तिथे तेलाचे दोन हात जादा दिले. तेल लिनसीडचं, म्हणजे आपल्या जवसाचं. पण 'बॉइल्ड' म्हणून विकतात ते नव्हे, कारण त्यात बहुधा लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. कच्चं तेल वाळायला दिवसचे दिवस लागतात, तेवढा धीर धरावा. आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका. वाळताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. अप्पांनी त्या कुंपणावर एकेक पसरून वाळवल्या.

तेल दर वर्षी-दोन वर्षांनी पुन्हा द्यावं लागेल, आणि तरी हे लाकूड एक दिवस कुजेल. कुजून नुसती माती होणारं लाकूडच भाजीशेजारी बरं. अप्पा ऑक्टोबरात परत गेले. फोनवर आधी नातवंडांची आणि मग वाफ्याची चौकशी करतात.

तुमच्या शेजारी डेक निघत असेल तर फळ्या उचलण्यापूर्वी एवढंच विचारा : कोणत्या साली बांधला होता?