गव्हाणींतला अधिकार

डिसेंबर सरत आला, म्हणजे आमच्या छत्रपति संभाजीनगरांत छावणींतील ख्राइस्ट चर्चवर दिवे लागतात, आणि वाळूज, चिकलठाणा येथील कारखान्यांच्या कचेऱ्यांतहि कागदी तारे लोंबूं लागतात. वरिष्ठ केक कापतात, कनिष्ठांना भेटी वाटतात, टाळ्या पडतात. या गोड समारंभाला नांवें ठेवण्याचें आम्हांस कारण नाहीं. आम्ही ख्रिस्ती नाहीं. पण आमचें आयुष्य कारखान्यांत हुकूम ऐकण्यांत आणि पुढें ते देण्यांत गेलें. त्यामुळें नाताळाच्या मूळ कथेंत वरिष्ठांसाठीं कांहीं अवघड बोध आहे, असें आम्हांस वाटत आलें आहे.

लूकच्या शुभवर्तमानांत नवजात येशूला गव्हाणींत निजविल्याचें सांगितलें आहे. मराठवाड्यांतील वाचकाला गव्हाण समजावून सांगावयास नको. कडब्याचा वास त्याच्या ओळखीचा आहे. या जन्माची वार्ता प्रथम पोंचली ती राजवाड्यांत नव्हे, तर रात्रीं कळप राखीत बसलेल्या मेंढपाळांना. आमच्या भाषेंत सांगावयाचें, तर तीं रात्रपाळीचीं माणसें होतीं.

राजानें खालीं उतरण्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. विक्रम राजा वेष पालटून रात्रीं नगरांत हिंडतो. पण उजाडतांच तो सिंहासनावर परततो. गव्हाणींतल्या अर्भकाला परतीची वाट नाहीं. त्याला ऊब हवी, दूध हवें, दुसऱ्याचे हात हवेत. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणें ईश्वर येथें भेट देण्यास आला नाहीं. तो राहावयास आला, आणि माणसांचें दुःख त्यानें आपल्या अंगावर घेतलें. पाहणी आणि सहवास यांतील हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो.

तो भेद आम्हीं एका कारखान्यांत प्रत्यक्ष पाहिला. तेथील दाबयंत्रांवर एका वर्षांत दोघां कामगारांचीं बोटें गेलीं. दोन्ही वेळां अहवालांत कारण लिहिलें गेलें, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. वरिष्ठ येत, यंत्र पाहत, सावधगिरीचा उपदेश करीत आणि जात. पुढें एक नवे विभागप्रमुख आले. ते आठवडाभर रात्रपाळीला यंत्राजवळ स्टूल टाकून बसले. पहिल्या दोन रात्रीं कोणी कांहीं बोललें नाहीं. तिसऱ्या रात्रीं एका वयस्क कामगारानें सांगितलें, "साहेब, जाळी लावली तर ठरलेला आंकडा भरत नाहीं; म्हणून आम्ही ती काढून ठेवतों." त्या गृहस्थांनीं आंकडा कमी केला, जाळ्या पक्क्या बसविल्या, आणि उत्पादन घटल्याचा जाब वर स्वतः दिला. त्यांची बढती त्या वर्षीं राहिली. बोटें मात्र पुन्हां कोणाचीं गेलीं नाहींत.

असें वागल्यानें अधिकाराचा दरारा जातो, असें कित्येकांस वाटतें. परंतु योहानाच्या शुभवर्तमानांत शिष्यांचे पाय धुतल्यावर येशू आपलें गुरुपद नाकारीत नाहीं. तें कशासाठीं आहे, हें मात्र दाखवितो. शिस्त मोडणाऱ्याला बोलावेंच लागतें. पण ज्यानें आपला जाच जाणला आहे, त्याचा शब्द माणूस निराळ्या मनानें ऐकतो.

ही शिकवण आमच्या मातीला परकी नाहीं. येथून जवळच्या पैठणांत, गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटांत रडणारें अस्पृश्याचें मूल कडेवर घेणारे एकनाथ आम्हां सर्वांच्या स्मरणांत आहेत. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांतील निराधार मुलींना आश्रय दिला. त्या केडगांवीं त्यांच्यांतच राहिल्या. मुलींना छापखान्याचें काम शिकविलें, आणि बायबलाचें आपलें मराठी भाषांतर तेथेंच छापविलें. ज्यांना जग दयेचा विषय समजत होतें, त्यांच्या हातांवर रमाबाईंनीं आपलें सर्वांत मोठें काम सोंपविलें.

म्हणून नाताळांत वरिष्ठानें काय वाटलें, यापेक्षां वर्षभरांत त्याच्या हाताखालच्या माणसानें त्याला कोणतें अप्रिय सत्य निर्भयपणें सांगितलें, आणि तें ऐकून त्यानें स्वतः कोणती झीज सोसली, हें विचारावें. ज्याला या प्रश्नाचें उत्तर देतां येतें, त्याचा अधिकार खुर्ची गेल्यावरहि उरतो.