वाळवण

वाळविणे म्हणजे वस्तू उन्हात टाकून स्वस्थ बसणे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु कुरडईस कडक ऊन लागते, तर तुळशीच्या पानास सावली. उन्हात पानातील सुगंधी तेल उडून जाते व मागे नुसता पाला उरतो. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या दमट हवेत संसार केलेल्या गृहिणीस हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

ह्या गृहविद्येचा एक बदनाम भाऊबंद आहे. तो म्हणजे गांजाचे वाळवण. सन १८९३ मध्ये सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याच्या अहवालात तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील लागवडीची हकीकत आहे. फुलोऱ्यात बी धरू नये म्हणून नराची झाडे उपटावयाची. कापलेला फुलोरा पसरावयाचा, पायांनी तुडवावयाचा, रास करून पुनः उलथावयाचा. फार सुकला तर त्याचा चुरा होतो, ओल राहिली तर बुरशी धरते. घाटावरची कोरडी हवा ह्या कामी शेतकऱ्याची भागीदारच म्हणावयाची. आमच्या कोकणपट्टीत ते अवघड गेले असते.

आयोगाने सर्वस्वी बंदी न सुचविता कर व देखरेख सुचविली. पुढे १९८५ च्या कायद्याने सुटे पान गांजाच्या व्याख्येतून वगळले. मात्र त्याच कायद्यानुसार बेकायदा लागवडीस आज दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तेव्हा घरच्या गच्चीवर हे वाळवण घालणे आज गुन्हा आहे, आणि महाविद्यालयात तरुणांमध्ये आयुष्य घालविलेल्या आम्हांस त्याचा मुळीच खेद वाटत नाही.

परंतु ज्याचे फळ अनिष्ट, त्यामागील हातकसबही तुच्छ मानावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. महसुलावर डोळा ठेवून का होईना, साहेबाने शेतकऱ्याच्या पायांखालची क्रिया निरखिली आणि ती कागदावर राहिली. आपल्या निरुपद्रवी आंबोशीची रीत इतक्या बारकाईने कोणत्या दप्तरात सापडेल? अंगणे गेली, गच्च्यांना कुलुपे लागली; जाणत्या बायका थकत चालल्या. येत्या वैशाखात घरोघर एक वही काढावी आणि वडीलधाऱ्या बाईस एवढेच विचारावे : कैरीची फोड बोटांना कशी लागली म्हणजे बरणीत भरावी?