नञ् समास

जयपूरच्या पोस्टिंगला आता दहा महिने झाले. सध्या राजा पार्कात भाड्याने राहतो. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी-सिंधी कुटुंबांची इथे मोठी वस्ती आहे आणि बाजाराचा गलबला दिवसभर असतो. आमच्या घरात मात्र एक माणूस गप्प असतो. ते म्हणजे अण्णा, माझे वडील. सातारा जिल्ह्यात ३२ वर्षे संस्कृत आणि मराठी शिकवली. फेब्रुवारीत पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली आणि बोलणेही. फाइलवर डॉक्टरांनी शब्द लिहिला, 'अफेजिया'.

परवाच्या रविवारी लेक जीवशास्त्राची उजळणी करत होती. "बाबा, 'अबायोटिक'मधला नकाराचा 'अ' ग्रीक आहे म्हणतात. मग 'ॲनेरोबिक'मध्ये मध्येच 'न' कुठून आला?"

मी मराठी माध्यमातून खडकवासल्याला गेलो. ॲनिमिया, ॲनार्की, सगळे शब्द घोकून पाठ केले; 'का' असे कधी विचारले नाही. "शब्दकोशात बघ," म्हणालो.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "अन्... आदर." आणि डाव्या हाताचा चादरीवर ठोका. वर्गात डस्टर आपटायचे, अगदी तसा.

मग लख्ख आठवले. अ + ज्ञान, अज्ञान. पण अन् + आदर, अनादर. पुढे स्वर आला की 'अ'चा 'अन्' होतो. ग्रीकचाही हाच नियम! संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमाच्या असाव्यात, असे विल्यम जोन्सने कलकत्त्यात १७८६ सालीच सांगितले होते. 'ॲटम' म्हणजे न तुटणारा. आपले 'अमृत' आणि ग्रीक देवांचे 'अँब्रोसिया', दोन्हींत तोच 'अ' आणि तेच न मरणे. 'दुष्काळ'मधला 'दुस्' आणि 'डिसेंट्री'तला 'डिस' हेही सख्खे भाऊ.

'अफेजिया' त्याच घरातला. 'अ' म्हणजे नाही, 'फेजिया' म्हणजे वाणी. नकार आहे तो एवढाच, वाणीपुरता. समज गेली असे त्या शब्दात कुठेही नाही. आम्ही मात्र इतके महिने अण्णांशी लहान मुलाशी बोलावे तसे मोठ्याने, तुटक बोलत होतो. त्यांच्या औषधांचे, त्यांच्या गावच्या घराचे निर्णय त्यांच्यासमोर बसून, त्यांना न विचारता घेत होतो.

अनादर. नेमका तोच शब्द त्यांनी उदाहरणाला घेतला. मुद्दाम घेतला का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

गावच्या घराचे कागद त्या रात्री त्यांच्यापुढे ठेवले. एकेक पान दाखवून विचारले. विकायचे का, यावर चादरीवर जोरात ठोका पडला आणि एक अक्षर स्पष्ट आले, "न."

घर ठेवले आहे.