पालखीचा गोंडा

तळेगाव दाभाडेजवळच्या आंबी गावात एका किराणा दुकानामागील खोलीत दुपारी वाचन चालते. आजींची दृष्टी अधू झाली आहे. वाचते ती नातसून. चातुर्मासातील नित्याचे धर्मग्रंथवाचन आटोपल्यावर तिने काशीबाई कानिटकरांची १९२८ सालची कादंबरी ‘पालखीचा गोंडा’ हाती घेतली.

काशीबाईंचा जन्म १८६१चा. बालवयात विवाह झाला; शिक्षण त्यानंतरचे. अशा लेखिकेने एक संस्थान कल्पिले. तेथील राजा बुद्धीने अक्षम. त्यामुळे राज्यकारभार राणीच्या हाती येतो आणि स्त्रिया शिकू लागतात, कामकाज पाहू लागतात. तत्पूर्वी १९०५ साली बंगालच्या बेगम रोकेया यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा लिहिली होती. तीत स्त्रिया सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात आणि पुरुष घरात पडद्याआड राहतात. सौरचुलीचे नवल आज कोणास वाटणार? काशीबाईंची कल्पना अधिक अवघड होती. तिला यंत्र नको होते. हातातील अधिकार कोणी तरी सोडणे तेवढे हवे होते.

आजींनी मध्येच विचारले, “राजा शहाणा असता तर गं?”

नातसून निरुत्तर झाली. रोकेयांच्या कथेतही पुरुषांचे सैन्य आधी हरते, मग राणीची पाळी येते. शेजारच्या तळेगावचा इतिहासही तोच. १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले, धाकटा यशवंतराव अल्पवयीन होता, म्हणून सेनापतिपदाचा कारभार उमाबाईंकडे आला.

“माझेही तेच,” आजी म्हणाल्या. “तुझे आजेसासरे गेले, तेव्हा गल्ल्याची किल्ली माझ्या कमरेला आली. त्याआधी कोणी दिली नव्हती. मीही मागितली नव्हती.”

नातसून वाणिज्य पदवीधर. दुकानाची खतावणी, जीएसटीची विवरणपत्रे, उधारीच्या नोंदी सारे तीच पाहते. धनादेशावर सही मात्र नातवाची. तो सज्जन आहे, धडधाकट आहे. म्हणूनच हा प्रश्न त्या घरात कधी निघाला नव्हता.

सायंकाळी जेवण उरकून नातू ओसरीवर आला. आजींनी त्याला समोर बसविले.

“बँकेतून संयुक्त सहीचा अर्ज आण. यंदाच्या वहीपूजनाला नव्या वहीचे पहिले पान ती लिहील.”

“आजी, इतकी घाई कसली? मी आहे ना!”

“आहेस, म्हणूनच,” आजी म्हणाल्या.