हातात एक, दारात दुसरं

दोस्तांनो,

परीक्षेत कमी मार्क पडले तर काय करायचं, हवं ते कॉलेज नाही मिळालं तर मन कसं आवरायचं, हे सांगणारी पुष्कळ मोठी माणसं तुम्हाला भेटतात. पण जे हवं होतं ते मिळालं, आणि मग त्याहून मोठं काहीतरी दारात येऊन उभं राहिलं, तर काय करायचं? हे फारसं कोणी सांगत नाही. ही अडचण आहे असं कोणाला वाटतच नाही ना! "नशीबवान आहेस बाई," म्हणतात, की संपला विषय.

माझ्यापुढे ही अडचण २०१९ च्या जानेवारीत आली. मी मूळची सांगलीची. चौथीत असताना आई-बाबांबरोबर अमेरिकेत आले, ओहायो राज्यात. आता मी डॉक्टर आहे. पण त्या जानेवारीत मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि दोन रात्री मला धड झोप नव्हती.

आधी इथली पद्धत सांगते, म्हणजे घोळ लक्षात येईल. आपल्याकडे बारावी झाली, नीट दिली, की मार्कांप्रमाणे यादी लागते आणि फेऱ्या सुरू होतात. मुलाखतीचा प्रश्न सहसा येत नाही. (पुण्याचं आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज मात्र नीटनंतर मुलाखत घेतं, बरं का!) अमेरिकेत आधी चार वर्षं कॉलेज करून पदवी घ्यायची, एमकॅट नावाची परीक्षा द्यायची आणि मग मेडिकलसाठी अर्ज करायचे. एक-दोन नाही, दहा-पंधरा, कधी वीससुद्धा! प्रत्येक अर्जाची फी वेगळी. अर्ज आवडला तर कॉलेज मुलाखतीला बोलावतं. मी अर्ज केले त्या वर्षी सुमारे ५३ हजार मुलांनी एम.डी.साठी अर्ज केले होते, आणि जागा मिळाल्या सुमारे २१ हजार ९०० जणांना. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं रिकाम्या हातांनी परतली.

यातली खरी गंमत वेळापत्रकात आहे. काही कॉलेजं ऑक्टोबरच्या मध्यापासूनच "तुम्हाला घेतलं" असं कळवू लागतात आणि बाकीची कॉलेजं मार्चपर्यंत मुलाखती घेतच असतात. एका मुलाच्या हातात दोन-तीन जागाही असू शकतात. पण ३० एप्रिलपर्यंत त्यातली एकच ठेवून बाकीच्या सोडायच्या, असा संकेत आहे.

मला ऑक्टोबर २०१८ मध्येच आमच्या राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. आई औषधांच्या दुकानात काम करते. तिने दुकानातल्या सगळ्यांना पेढे वाटले. पेढे म्हणजे काय ते समजावून सांगण्यातच तिची अर्धी सुट्टी गेली! आणि जानेवारीत बोस्टनच्या एका नामांकित कॉलेजातून ई-मेल आली. मुलाखतीला या. चार दिवसांत कळवा.

घरात लगेच दोन पक्ष झाले. बाबा म्हणाले, "जाऊन तर ये. बघायला काय जातं?" सांगलीहून आजीचा फोन आला. तिने तिची ठेवणीतली म्हण काढली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, पोरी."

आजीची म्हण खरी आहे, पण इथे ती लागू पडत नव्हती. मुलाखतीला गेल्याने हातची जागा सुटणार नव्हती! ती ३० एप्रिलपर्यंत माझीच होती. आणि नेमकं म्हणूनच ठरवणं अवघड होतं. काही गमवायचं असतं तर मी भीतीनेच "नको" म्हटलं असतं. काहीच जात नाही असं दिसलं, की माणूस "हो" म्हणायला मोकळा होतो. मग मी विचार करू लागले, की खरंच काही जात नाही का?

मी एक कागद घेतला आणि त्यावर तीन प्रश्न लिहिले.

पहिला प्रश्न. तिथे जागा मिळाली, तर मी खरंच जाईन का? "मिळाली तर किती मस्त वाटेल" हे उत्तर चालणार नव्हतं. ऑगस्टमध्ये सामान बांधून मी तिथे राहायला जाईन का, एवढंच लिहायचं होतं.

दुसरा प्रश्न. तिथे असं काय आहे, जे इथे नाही? मी प्रामाणिकपणे यादी केली. तिथे मोठमोठं संशोधन चालतं. नाव ऐकल्यावर लोक भुवया उंचावतात. पण मला व्हायचं होतं लहान गावातली डॉक्टर. आमच्या राज्याच्या कॉलेजात विद्यार्थ्यांना खेड्यांतल्या दवाखान्यांत पाठवतात, हे मी मुलाखतीच्या दिवशी तिथल्याच विद्यार्थ्यांकडून जेवताना ऐकलं होतं. मला हवं होतं ते इथेच होतं. बोस्टनच्या रकान्यात शेवटी एकच शब्द उरला, 'नाव'. नावाचा मोह मला नव्हता असं मी म्हणणार नाही. चांगलाच होता!

तिसरा प्रश्न. जाण्याची किंमत कोण देणार? मुलाखतीचा सगळा खर्च इथे विद्यार्थ्याचाच असतो. विमान, राहणं, टॅक्सी मिळून पाचशे डॉलरच्या घरात जात होते. त्याच वर्षी धाकटा भाऊ कॉलेजात जाणार होता. पुढची गोष्ट आणखी मोठी होती. राज्याच्या रहिवाशांना सरकारी कॉलेजात फी बरीच कमी असते. इथली बहुतेक मुलं कर्ज काढून डॉक्टर होतात. २०१९ साली पदवी घेतलेल्या कर्जदार डॉक्टरांवरचं शिक्षणाचं कर्ज सर्वसाधारणपणे दोन लाख डॉलरच्या आसपास होतं. जितकं कर्ज जास्त, तितकं लहान गावात कमी पगारावर काम करणं कठीण. म्हणजे नावासाठी मी जे कर्ज घेतलं असतं, त्यानेच माझं स्वप्न अवघड करून ठेवलं असतं.

या तिसऱ्या प्रश्नाची एक बाजू मात्र माझ्या कागदावर नव्हती. ती माझ्या मैत्रिणीने दाखवली. तिलाही डॉक्टर व्हायचं होतं, आणि तोपर्यंत एकाही कॉलेजाचं बोलावणं आलं नव्हतं. मी जरा भीतभीतच तिला बोस्टनचं सांगितलं. ती म्हणाली, "जाणार असशील तर मनापासून जा. जाणार नसशील तर लवकर कळव. माझ्यासाठी नाही ग, मी तिथे अर्जच केलेला नाही. पण माझ्यासारखं कोणीतरी त्या खुर्चीची वाट बघत असेल."

मुलाखतीच्या जागाही मोजक्याच असतात. एकाने सोडली, की ती दुसऱ्याला मिळते. "बघायला काय जातं?" या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. माझं फारसं जाणार नव्हतं, पण दुसऱ्या कोणाचं तरी जाऊ शकत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बोस्टनला लिहिलं. बोलावल्याबद्दल आभार मानले, माझा निर्णय झाला आहे असं कळवलं आणि अर्ज मागे घेतला. चार ओळींची ई-मेल, पण 'पाठवा'चं बटण दाबायला मला अर्धा तास लागला! बाबा दोन दिवस थोडे गप्प होते. मग त्यांनी माझा कागद मागून घेतला, वाचला आणि म्हणाले, "गणित बरोबर आहे." बाबांकडून एवढं मिळणं म्हणजे बक्षीसच.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे ताई, एक जागा मिळाली की थांबायचं? नाही हं! माझ्या वर्गातल्या एका मुलाकडेही ऑक्टोबरपासून जागा होती. फेब्रुवारीत त्याला दुसरीकडून बोलावणं आलं आणि तो गेला. त्या गावात त्याची आजारी आई होती. जागा मिळाली तर जाईन का, याचं त्याचं उत्तर लख्ख 'हो' होतं. त्याने जायलाच हवं होतं. प्रश्न तेच, पण उत्तरं प्रत्येकाची वेगळी.

२०२० मध्ये करोनाची साथ आली आणि इथल्या कॉलेजांनी मुलाखती व्हिडिओवर घ्यायला सुरुवात केली. आजही पुष्कळ ठिकाणी तसंच चालतं. विमानाचा खर्च वाचला, हे फार चांगलं झालं. पण घरबसल्या "हो" म्हणणं आणखी सोपं झालं. तेव्हा मैत्रिणीची ती खुर्ची आता जास्तच लक्षात ठेवायला हवी.

बोस्टनला गेले असते तर काय झालं असतं, हे मला कधीच कळणार नाही. कोणताही निर्णय घेतला, की एक दार न उघडलेलं राहतंच. त्याची रुखरुख अधूनमधून वाटते, आणि ती वाटली म्हणून निर्णय चुकला असं होत नाही.

तुमच्यातल्या कोणाला मेडिकलला जायचं असेल, कोणाला नसेल. पण अकरावीची प्रवेशफेरी असो, शाळेचा क्रिकेटचा संघ असो की नाटकातली भूमिका असो, हातात एक आणि दारात दुसरं अशी वेळ येतेच. तेव्हा कागद घ्या आणि तीन प्रश्न लिहा. मिळालं तर मी खरंच घेईन का? त्यात असं काय आहे, जे माझ्याजवळ नाही? आणि त्याची किंमत कोण देणार?

आई-बाबांनो, तुम्हालाही एक विनंती. उत्तरं मुलांना लिहू द्या. तुम्ही फक्त गणित तपासा.

तुमची,
ओहायोची ताई